वजा बासष्ट

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला नवल वाटायला नको. जनावरांवर मी कधी आवाज चढवत नाही. त्यांच्या मालकांवर चढवते, कारण कुत्र्यामांजरांची निम्मी दुखणी घरच्यांच्या लाडानं आलेली असतात. आणि दवाखान्यातल्या एका माणसावर तर मी इतकी वर्षं ओरडत आले की शेवटी एक दिवस नको ते बोलून गेले. ही त्या माणसाची गोष्ट.

त्यांना सगळे ग्रॅमकाका म्हणतात. एकोणिसाव्या वर्षी ते माझ्या वडिलांकडे पिंजरे धुवायला लागले, तेव्हा मी जन्मायची होते. आता त्यांना अठ्ठावन्न पूर्ण आहेत, वडील जाऊन सहा वर्षं झाली, दवाखाना माझा झाला, आणि काका जिथे होते तिथेच आहेत, म्हणजे दारातल्या काट्यापाशी. अंगानं बारीक, मिशी पांढरी, निळा ॲप्रन गुडघ्यापर्यंत आणि पायात रबरी बूट. सायकल दुरुस्तीचं दुकान आणि लाँड्री यांच्या मधल्या दोन खोल्यांत आमचा दवाखाना आहे. बाहेरच्या खोलीत समोरासमोर दोन बाकं, एक कुत्रेवाल्यांचं, एक मांजरवाल्यांचं, आणि मध्ये लाकडी पडदा, कारण एकमेकांची तोंडं दिसली की दोन्ही पक्ष लगेच घसा साफ करायला लागतात. आत येणारं प्रत्येक जनावर आधी काकांच्या हाताखालून जातं, मगच त्याचा केसपेपर निघतो. वजन झाल्याशिवाय काका कुणाला बसूही देत नाहीत.

आणि ते वजन खड्या आवाजात पुकारतात. चार किलो दोनशे पन्नास. अकरा किलो सातशे. पन्नास ग्रॅमसुद्धा सोडत नाहीत, म्हणून हे नाव पडलं. एका बाईंनी एकदा, आमच्या कुत्रीचं वजन जरा हळू सांगा ना, अशी विनंती केली. काका म्हणाले, खाऊ घालताना लाज वाटली नाही, मग ऐकताना कसली आली. बाई तणतणत गेल्या आणि तीन महिन्यांनी कुत्रीचे दोन किलो उतरवून, नाक वर करून परत आल्या. त्या दिवशी काकांनी आकडा दोनदा पुकारला.

वजनानंतर त्यांचे तीन प्रश्न ठरलेले. खातंय किती, पाणी पितंय किती, शू किती. उत्तरं ऐकून काका जे मिशीतल्या मिशीत पुटपुटतात, तेच मी आत तपासण्या करून अर्ध्या तासानं सांगते. म्हातारं मांजर, पाणी जास्त, भूक कमी, म्हणजे किडनी बघा. म्हातारं मांजर, भूक राक्षसाची आणि अंग मात्र उतरतंय, म्हणजे थायरॉईड बघा. लोंबत्या कानांचं कुत्रं डोकं झटकत आलं की काका कान उचलून नुसता वास घेतात. मलूल कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्यांत आधी गोचीड शोधतात, ताप नंतर मोजतात. एकदा एक गृहस्थ बोका घेऊन आले. म्हणाले, दोन दिवस बद्धकोष्ठ झालंय, वाळूच्या ट्रेमध्ये सारखा जाऊन कुंथतो, म्हणून घरीच चमचाभर तेल पाजलं. काकांनी बोक्याच्या पोटाखाली हात घातला आणि वजन न करता, रांग मोडून, थेट माझ्या टेबलावर आणून ठेवला. शी नव्हती अडकली, लघवी अडकली होती. बोक्यांना हे होतं, आणि नुसतं तेल पाजत बसलं की खेळ आटोपतो. तो बोका आज नऊ वर्षांचा आहे आणि अजून मला चावतो.

एवढा हुशार माणूस, पण हट्टी किती, ते विचारू नका.

मोठं कुत्रं काट्यावर उभं राहतं. मांजर राहत नाही, ते पाय टेकायच्या आत पसार होतं. म्हणून काका मांजराला छातीशी धरून स्वतःच काट्यावर चढतात, आकडा बघतात आणि त्यातून बासष्ट वजा करतात. बासष्ट किलो म्हणजे काका, ॲप्रन आणि बूट धरून. सुरुवातीला ते प्रत्येक मांजरामागे एकदा एकटे काट्यावर चढत. मग दिवसातून एकदा चढायला लागले, मग दर सोमवारी, आणि कित्येक वर्षं बासष्टचे बासष्टच भरल्यावर चढणंच सोडलं. लग्नात होतो तेवढाच आहे, असं मिशीवरून हात फिरवत सांगायचे. माणसाचं वजन दिवसभरात थोडंफार हलतं, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण काकांचं उठणं, बसणं, जेवणं सगळं ठरल्या वेळी, ठरल्या मापात. शिवाय मांजर उचलल्या उचलल्या त्यांचा हात जे वजन सांगे, तेच काट्यावर येई. म्हणून मीही डोळेझाक केली, आणि ती चूक माझी होती.

दोन वर्षांपूर्वी मी मांजरांसाठी मुद्दाम टोपलीचा छोटा काटा आणला. काकांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जशी काही मी त्यांच्या उरावर सवत आणून बसवली. पहिल्याच दिवशी एका मांजरीनं त्यातून उडी घेतली आणि पडद्यावरून थेट कुत्र्यांच्या बाकावर स्वारी केली. झालं, काकांना आयतंच कोलीत मिळालं. टोपली कपाटात गेली आणि तिच्यात बँडेजं राहायला लागली. मी दोन दिवस भांडले, मग मलाही कंटाळा आला.

आता घड्याळवाले आजोबा. आमच्याच रस्त्याच्या टोकाला त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे, जिन्याखालच्या जागेत, एक माणूस आणि एक बोका मावेल एवढं. बायको गेल्यापासून त्या माणसाला घरी वाट बघणारं दुसरं कुणी नाही. बोका बायकोनंच पाळलेला, नाव लंबक, कारण काउंटरवर आडवा पडून शेपटी सारखी इकडून तिकडे हलवत असायचा. एके काळी साडेसहा किलोचा होता. यंदा नखं कापायला आणला तेव्हा काकांनी पुकारलं, चार किलो पाचशे. आजोबा खूश, कारण त्याला बारीक करा म्हणून मीच त्यांच्या मागे लागले होते. काकांनी तीन प्रश्न विचारले. खातो दोन वाट्या आणि वर माझ्या ताटात तोंड घालतो. पाणी, तर वाडगं दोनदा भरावं लागतं. शू, तर वाळू जड होते. काकांनी आत येऊन मला सांगितलं, रक्त घ्या. बोक्याला डायबेटीस निघाला.

लठ्ठ, आळशी, वय झालेल्या बोक्यांत हा आजार नवा नाही, आणि वेळेवर सापडला तर मांजर छान जगतं. पण रोज दोन वेळा इन्सुलिनचं इंजेक्शन, बारा-बारा तासांनी. केसाएवढा स्क्रू चिमट्यात धरणाऱ्या आजोबांनी सुई बघून दोन्ही हात पाठीमागे लपवले. काकांनी त्यांना शेजारी बसवून आधी घडी केलेल्या टॉवेलवर शिकवलं, मग लंबकवर. आठवड्यात ते तयार झाले. सकाळचे आठ आणि संध्याकाळचे आठ, सेकंदकाट्यावर.

डोस बरोबर आहे की नाही, ते कळायचं कसं, हा पुढचा प्रश्न होता. दवाखान्यात आणलं की मांजर घाबरतं आणि नुसत्या भीतीनंच त्याची साखर वर चढते, त्यामुळे इथल्या आकड्यावर माझा भरवसा नसतो. घरी कानाच्या कडेला टोचून थेंबभर रक्त काढता येतं, पण त्याला आजोबा काही केल्या तयार होईनात. मग उरलं वजन. वजन चढलं तर औषध लागू पडतंय, उतरलं तर डोस कमी पडतोय. दर शनिवारी लंबकला आणायचं ठरलं. हे सगळं त्या वजनावर टांगलेलं होतं, कारण इन्सुलिन कमी पडलं तर मांजर झिजत जातं, आणि जास्त झालं तर साखर एकदम कोसळून झटके येतात आणि ते तासाभरात जाऊ शकतं.

पहिल्या शनिवारी चार किलो साडेपाचशे. माझा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या शनिवारी चार किलो चारशे. तिसऱ्या शनिवारी चार किलो अडीचशे.

बरं, एकटा लंबक असता तर ठीक. पण त्याच दिवसांत आमच्याकडे येणारं जवळपास प्रत्येक मांजर उतरायला लागलं. कुणाचे दोनशे ग्रॅम गेले, कुणाचे पाचशे. तब्येत बघावी तर ठणठणीत, केस चकचकीत, आणि वजन मात्र खाली. कुत्र्यांना काही नाही. माझी झोप उडाली. मी सगळ्या मांजरांना जंताचं औषध दिलं, अकरा मांजरांचं रक्त तपासलं, काहीही निघालं नाही. मांजरांचं खाणं विकणाऱ्या दुकानदाराला फोन करून मी वाट्टेल ते बोलले. त्यानं मला डोकं तपासून घ्यायचा सल्ला देऊन फोन ठेवला, आणि आता वाटतं, त्याचं फारसं चुकलं नाही. मालक माझ्यावर चिडायला लागले. एक ताई तर म्हणाल्या, तुमच्या वडिलांच्या वेळी असं कधी झालं नाही, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

काका मात्र एकच धरून बसले. हाताला उतरल्यासारखं लागत नाही. उचललं की हात सांगतो चार किलो पाचशे, आणि काट्याचा आकडा सांगतो चार. त्यांचं म्हणणं, काटा बिघडला. मी बॅटरी बदलली. कुत्र्यांच्या खाण्याचं वीस किलोचं बंद पोतं काट्यावर ठेवलं, बरोबर वीस भरलं. काटा चोख होता. मग चुकीचं काय उरलं? त्यात काका हल्ली पहिल्यासारखे वाटेनात. चिडचिड करायचे, खुर्चीत बसल्या बसल्या डुलकी लागायची, आणि ऐन गर्दीच्या वेळी मोरीकडे गायब व्हायचे. मी त्यावरूनही दोनदा बोलले होते.

त्या तिसऱ्या शनिवारी त्यांनी पुन्हा हाताचं पुराण काढलं आणि मी फाडकन बोलून गेले. "काटा बरोबर आहे, काका. तुमचे हात म्हातारे झालेत. आता त्यांचं ऐकणं सोडा."

फडकं घेऊन काकांनी काटा पुसला, जो पुसलेलाच होता. पुढचा आख्खा आठवडा त्यांनी एकही वजन पुकारलं नाही. आकडा चिठ्ठीवर लिहायचे आणि मुकाट्यानं माझ्या हातात द्यायचे. बाकावरचे लोक मला विचारायला लागले, काकांचा घसा बसलाय का. मला फार वाईट वाटत होतं, पण माफी मागायची म्हणजे माझ्या जिभेला गाठ पडते. घरची पद्धतच आहे ती, वडिलांनीही जन्मात कुणाची मागितली नाही.

चौथ्या शनिवारी आजोबा लंबकला घेऊन आले. काका काट्यावर चढले, उतरले, चिठ्ठी लिहिली. चार किलो. इलाज सुरू करून महिना झाला आणि बोका अर्धा किलो खाली. मी कार्डावर डोस वाढवून लिहिला आणि आजोबांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, पण आता पाणी कमी पितो हो, आणि परवा तर कपाटावर चढून बसला होता. मी त्यांना गोडीनं सांगितलं की जीव लावलेल्या माणसाला जे हवं तेच दिसतं. ते मान हलवत राहिले. मग म्हणाले, "आमच्या हिचा आहे तो. तेवढा वाचवा." आणि चष्मा काढून पुसत बसले.

मी बाहेर आले तर काका दारात उभे. लंबक त्यांच्या छातीशी, आणि वाट अडवलेली. म्हणाले, आज डोस वाढवायचा नाही. मी म्हटलं, काका, बाजूला व्हा. ते हलेनात. शब्दाला शब्द वाढला. दोन्ही बाकांवर सगळे माना वर करून ऐकत होते, कुत्रीसुद्धा. मी म्हटलं, डोस नाही वाढवला तर हा बोका झिजून मरेल, आणि त्याला जबाबदार तुम्ही. लोकांसमोर ते मला नेहमी डॉक्टर म्हणतात, पण त्या दिवशी ते विसरले.

"पोरी, हा बोका जड झालाय," ते म्हणाले. "माझ्या हातात आहे तो. तू डोस वाढवलास आणि माझा हात खरा निघाला, तर याला घरी झटके येतील आणि आजोबा एकटे असतील. माझा हात खोटा निघाला, तर सोमवारपासून मी येत नाही."

एकोणचाळीस वर्षं त्या दारात उभा असलेला माणूस हे बोलत होता, आणि मी त्यांना ओळखते, ते सोमवारी खरंच आले नसते. पण माघार मीही घेत नव्हते. मी म्हटलं, दाखवा मग.

काकांनी लंबकला आजोबांकडे दिलं, कपाट उघडलं आणि आतून ती टोपली काढली. दोन वर्षं जिच्याकडे बघून नाक मुरडलं, तिच्यातली बँडेजं त्यांनी स्वतःच्या हातानं बाहेर काढली. एक टॉवेल टोपलीत ठेवून आकडा शून्यावर आणला. मग लंबकला त्याच टॉवेलात तोंडासकट गुंडाळून आत ठेवलं, कारण अंधार झाला की मांजर गप्प पडून राहतं. टोपलीचा आकडा हलला, डुलला आणि थांबला. पाच किलो पन्नास ग्रॅम.

मी म्हटलं, टोपली बिघडली असेल. एक लिटर सलाईनची बाटली ठेवून बघितली, बरोबर भरली. म्हणजे हा काटा खरा, तो काटाही खरा, आणि दोन्हींत एक किलो पन्नास ग्रॅमचा फरक. मी मठ्ठासारखी दोन्हींकडे आळीपाळीनं बघत राहिले. उतरली होती ती फक्त मांजरं, कुत्री नव्हे. कुत्री आपल्या पायांवर काट्यावर उभी राहतात. मांजरं काकांच्या हातात असतात. मी काकांकडे पाहिलं.

"काका, एकटे काट्यावर उभे राहा," मी म्हटलं.

ते म्हणाले, मी कशाला, मी बासष्ट. मी म्हटलं, उभे राहा. माझा आवाज ऐकून ते चढले. साठ किलो नऊशे पन्नास.

पहिली वजाबाकी आजोबांनी केली. हळूच म्हणाले, बासष्टातले एक किलो पन्नास ग्रॅम तुमचेच गेले, मग बोक्याचं बरोबर जमलं की. एका किलोनं माणूस बारीक दिसत नाही हो, मी रोज समोर असून मला दिसलं नव्हतं. मी काकांना खुर्चीत बसवलं आणि त्यांचेच तीन प्रश्न त्यांना विचारले, त्यांच्याच क्रमानं. खाणं वाढलं होतं, डबा संपवून चार वाजता लाँड्रीवाल्याची बिस्किटंही खात होते. पाणी, तर बाटली दिवसातून पाच वेळा भरायचे, ॲप्रनमध्ये उकडतं म्हणून. तिसरा प्रश्न आला तेव्हा त्यांनी मोरीच्या दाराकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली.

साखर मोजायचं यंत्र मांजरांसाठी टेबलावर असतंच. मी त्यांचं बोट पुढे ओढलं तर म्हणाले, मी काय मांजर आहे? मी म्हटलं, मांजर बरं, त्याला निदान दाखवायला तरी आणतात. बोट टोचलं, थेंब पट्टीवर घेतला. चारशे बारा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो किती असावा, महिनाभर आम्ही एका डायबेटीसच्या पेशंटच्या हातात दुसरा देऊन दोघांचं मिळून वजन करत होतो.

मी रडायच्या बेतात होते. काका तो आकडा बराच वेळ बघत होते. मला वाटलं, हाय खाल्ली यांनी. आणि त्यांनी मान वर केली तर मिशी कानापर्यंत पसरलेली.

"म्हणजे हात बरोबर होता," ते म्हणाले.

मी ओरडले, हात गेला खड्ड्यात, चारशे बारा आहे तुमची साखर. ते ऐकायलाच तयार नाहीत. बाकावरच्या प्रत्येकाला सांगत सुटले की बघा, बोका जड झालाय म्हणत होतो की नाही. आजोबा तर काकांचे दोन्ही हात धरून उभे राहिले आणि सोडेचनात. त्या दिवशी डोस वाढला असता तर लंबकचं काय झालं असतं, हे आता त्यांनाही कळलं होतं. मी कार्ड फाडलं, जुनाच डोस नवीन कार्डावर लिहिला, दवाखान्याला कुलूप लावलं आणि काकांना ॲप्रन-बुटांसकट गाडीत घालून माणसांच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथेही त्यांनी आधी डॉक्टरांचा वजनकाटा तपासून घेतला.

गोळ्या सुरू झाल्या, खाण्याचं पथ्य आलं, रोज चालणं आलं. सोमवारी काकू दवाखान्यात आल्या, त्या पदर खोचूनच. आधी मला वाटलं, माझी खरडपट्टी निघणार, पण रोख नवऱ्यावर होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. जगातल्या मांजरांचं पाणी मोजणारा हा माणूस घरात रात्री तीन तीन तांबे रिचवत होता, आणि मी विचारलं तर म्हणे, भाजीत मीठ जास्त झालं. मी महिनाभर अळणी स्वयंपाक करतेय हो, काकू म्हणाल्या. काका काट्यामागे जाऊन उभे राहिले आणि एक कुत्रा बराच वेळ मोजत बसले.

मी त्या आठवड्यात सगळ्या मांजरवाल्यांना फोन केले. तुमचं मांजर ठीक आहे, चूक आमची झाली, असं एकेकाला सांगितलं. जिभेची गाठ दर फोनला थोडी सैल झाली. खाणं विकणाऱ्या दुकानदाराला प्रत्यक्ष जाऊन भेटले. तो चांगला निघाला, हसला फक्त. एकाच माणसाची माफी राहून गेली, आणि ते काका. रोज ठरवायची, रोज काहीतरी निघायचं. तेही ती मागत नव्हते. फक्त मांजर आलं की आधी हातात घेऊन वजन बोलायचे, मग टोपलीत ठेवायचे, आणि आकडा जुळला की माझ्याकडे एक नजर टाकायचे. तो जुळायचाच.

लंबक चढत गेला. काकांनी आजोबांना कान टोचायलाही लावलं. मी रोज माझं बोट टोचतो, तुम्ही त्याचा कान टोचा, बघू आधी कोण रडतं, अशी पैज लावली. बोका रडला नाही, आजोबा एकदा रडले, मग सरावले. घरचे खरे आकडे हातात यायला लागल्यावर मला डोस नीट ठरवता आला, खाणं बदलता आलं. साखर खाली येत गेली, तसा डोस मी पाऊल-पाऊल कमी करत गेले. काही मांजरांचं असं होतं की लवकर सापडलं आणि नेटानं केलं तर इन्सुलिन सुटतंसुद्धा. सगळ्यांचं होत नाही. मी आजोबांना मुद्दामच ते सांगितलं नव्हतं, उगाच आशा नको म्हणून.

पाच महिन्यांनी, अशाच एका शनिवारी, दोन्ही बाकं भरलेली होती. आजोबांनी वहीची तीन पानं माझ्यासमोर ठेवली. मी सांगितल्यावरून दोन आठवडे इंजेक्शन बंद ठेवून रोजची साखर लिहिलेली, आणि एकही आकडा वाकडा नाही. बाहेर काकांनी लंबकला उचललं, डोळे मिटले आणि पुकारलं, पाच किलो आठशे. टोपलीनं पाच किलो आठशे दाखवलं. कुत्र्यांच्या बाकावरून कुणीतरी शिट्टी मारली.

मी केसपेपर घेऊन बाहेर आले आणि सगळ्यांदेखत सांगितलं की लंबकचं इन्सुलिन सुटलं. आजोबांना ते आधी खरंच वाटेना. आता आठ वाजता मी करू काय, असं त्यांनी विचारलं, आणि मग बोक्याच्या पाठीत तोंड खुपसून बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकांची साखरही आता ताब्यात होती, गोळ्या चालू होत्या आणि चालूच राहणार होत्या, आणि त्या सकाळी ते स्वतः एकसष्ट किलो आठशे भरले होते. ते माझ्याकडे बघत नव्हते. लंबकचा टॉवेल झटकत होते.

मला तेव्हा वाटलं, आज नाही तर कधीच नाही.

"काका," मी म्हटलं, "तुमचे हात म्हातारे झालेत असं मी म्हटलं होतं. चुकलं माझं. त्या हातांनी हा बोका वाचवला. माफ करा मला."

काकांनी टॉवेलाची नीट घडी घातली, ती टोपलीत ठेवली, मिशीवरून हात फिरवला.

"पलीकडच्या बाकावर ऐकू गेलं नाही," ते म्हणाले.

मी पुन्हा म्हटलं. त्यांच्यासारखं म्हटलं, खड्या आवाजात आणि मोठ्यानं, एक शब्द न गाळता.